लॅप सेटची मूठ: मिरज-सांगलीतल्या छोट्या ओटीसाठी (ऑपरेशन थिएटरसाठी) पाच मिलिमीटरच्या हत्यारांचं परीक्षण

पाच मिलिमीटर जाडी, ३३० मिलिमीटर लांबी आणि तीन भागांत सुटणारा भारतीय बनावटीचा लॅप सेट, म्हणजे पोटाला छोटी छिद्रं पाडून दुर्बिणीने करायच्या (लॅपरोस्कोपिक) शस्त्रक्रियेची हत्यारं. सांगली-मिरजेतली वीस-पंचवीस खाटांची रुग्णालयं लॅप सुरू करताना पहिल्यांदा याच सेटची चौकशी करतात. तो वेगवेगळ्या शिक्क्यांनी विकला जातो, पण आत सगळीकडे रचना तीच असते: मूठ, इन्सुलेशनची (वीज बाहेर न जाऊ देणारी) बाहेरची नळी आणि आतला इन्सर्ट, म्हणजे टोकाला जबडे असलेली सळई. जबडे, धार, किंमत यांबद्दल विक्रेता भरभरून बोलतो. मुठीबद्दल घेणारा विचारत नाही, म्हणून देणाराही सांगत नाही. सर्जनच्या शरीराशी हत्याराची गाठ पडते ती मात्र फक्त मुठीपाशी, म्हणून हे परीक्षण मुख्यतः मुठीचं आहे.

निकाल आधीच सांगतो. जबडे चांगले आहेत, नळी ठीक आहे आणि सेट सुटा होतो म्हणून साफसफाईला सोयीचा आहे. ग्रास्पर (ऊतक पकडायचा चिमटा), मेरिलँड (ऊतक मोकळं करायचा वाकड्या टोकाचा चिमटा) आणि कात्रीसाठी जरूर घ्यावा. नीडल होल्डर (टाके घालताना सुई धरायचं हत्यार) मात्र याच कड्यांच्या मुठीचा घेऊ नये, तो सरळ मुठीचा वेगळा घ्यावा. ज्यांच्या ग्लोव्हचा नंबर साडेसहा किंवा त्याहून लहान आहे त्यांनी तर मूठ हातात धरून पाहिल्याशिवाय ऑर्डरच देऊ नये, विक्रेता कितीही ओळखीचा असला तरी.

मुठीवर एवढा भर का, ते हत्याराच्या पोटात पाहिलं की कळतं. उघड्या शस्त्रक्रियेत आर्टरी फोर्सेप्सचा (रक्तवाहिनी पकडायच्या चिमट्याचा) सांधा बोटांपासून चार-पाच इंचांवर असतो आणि बोटांचा जोर सरळ जबड्यात उतरतो. लॅपच्या हत्यारात मूठ दाबली की आतली सळई मागे ओढली जाते, आणि फूटभर लांबीच्या नळीतून घासत गेलेली ती ओढ टोकाच्या बारीक पिनेवर जबडा फिरवते. वाटेतल्या प्रत्येक सांध्यात थोडा जोर खर्ची पडतो. हाताच्या स्नायूंच्या विद्युत नोंदी घेऊन १९९०च्या दशकापासून जे प्रयोग झाले, त्यांत तेच काम करायला लॅप ग्रास्परला साध्या फोर्सेप्सच्या कित्येक पट जोर लागतो असं दिसलं आहे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये भारतातली पहिली लॅप पित्ताशयाची शस्त्रक्रिया केली. रुग्णाचा चिरा लहान झाला, घरी जायचे दिवस कमी झाले. त्याची किंमत सर्जनच्या मनगटाने आणि मानेने मोजायची हे मात्र काही अटळ नाही. त्यातला मोठा भाग मूठ, देखभाल आणि टेबलाची उंची एवढ्यावरच टाळता येतो.

आता कड्यांची मूठ. या सेटमध्ये वरचं कडं अंगठ्यासाठी आणि खालचं अनामिकेसाठी किंवा मधल्या बोटासाठी असतं. मूठ नळीला काटकोनाच्या आसपास असते. हत्यार पोटात तिरकं खाली गेलं की मनगट करंगळीच्या बाजूला मोडतं आणि त्याच मोडलेल्या अवस्थेत चिमटा दाबावा लागतो. मनगट मोडलेलं असताना पकडीचा जोर आपोआप घटतो, म्हणून माणूस आणखी दाबतो. अंगठा कड्यात खोल गेलेला असला तर कड्याची कड अंगठ्याच्या बाजूने जाणाऱ्या संवेदनेच्या नसेवर बसते. दिवसभराच्या शस्त्रक्रियांच्या लिस्टनंतर अंगठ्याच्या कडेला येणाऱ्या मुंग्या आणि बधिरपणा तिथूनच येतो. दाब थांबला की तो बहुतेकदा काही तासांत किंवा दिवसांत जातो. रोज त्याच जागी दाब पडत राहिला तर रेंगाळतो. त्याला थकवा समजून सोडून देऊ नये.

म्हणून सेट पाहायला आला की जबडे उघडून बघायच्या आधी चार गोष्टी कराव्यात. पहिली, कापसाचा सैल बोळा दोन्ही कड्यांच्या आतल्या कडेवरून फिरवा. प्लास्टिकच्या मुठी साच्याच्या दोन अर्ध्यांतून निघतात आणि त्या जोडाची रेघ नीट घासलेली नसली तर कापसाचे तंतू तिथे अडकतात. जिथे तंतू अडकतो तिथेच तासाभराने अंगठा दुखतो. दुसरी, आपल्या मापाचे ग्लोव्ह चढवून अंगठा कड्यात घाला. पेराचा मऊ भाग कड्यावर टेकावा आणि सांधा कड्याच्या बाहेर राहावा. कडं सांध्यापर्यंत सरकत असेल तर ते मोठं आहे, आणि बाहेर काढताना ग्लोव्ह ओढला जात असेल तर लहान. तिसरी, पकड न हलवता तर्जनी फिरकीच्या नॉबपर्यंत (नळी फिरवायच्या चक्रापर्यंत) पोचते का ते पाहा. पोचत नसेल तर दर वेळी नॉब फिरवताना पकड सोडावी लागणार, नाहीतर दुसऱ्या हाताने फिरवावा लागणार. चौथी, जबडे पूर्ण उघडे ठेवून दोन कड्यांमधलं अंतर बघा. लहान हाताच्या माणसाचा अंगठा आणि तळव्यामधला पडदा तिथे ताणून बसतो, आणि नेमक्या त्या ताणलेल्या अवस्थेतून मिटण्याची सुरुवात करायला सगळ्यात जास्त जोर लागतो.

या चौथ्या चाचणीत हा सेट लहान हातांसाठी नापास होतो. ग्लोव्ह साडेसहा आणि त्याखाली असलेल्या सर्जनना लॅपची हत्यारं आणि स्टेपलर वापरताना जास्त अडचण येते हे अभ्यासांत नोंदलेलं आहे. त्यात स्त्री सर्जनची संख्या साहजिकच मोठी. मिरजेत तंबोरे करणारे कारागीर पुरुषी आवाजासाठी मोठा आणि बायकांच्या आवाजासाठी लहान असा वेगळा तंबोरा बांधतात. गाणाऱ्याचा आवाज बघून वाद्याचं माप ठरतं. त्याच गावात साडेपाच-सहाचा ग्लोव्ह घालणारी स्त्रीरोगतज्ज्ञ आठच्या ग्लोव्हच्या हाताला बसेल अशी मूठ धरून गर्भाशय काढते, आणि हात दुखला तर सवय नाही असं तिलाच ऐकवलं जातं. हे चूक आहे. मूठ दोन मापांत द्यायला उत्पादकाला फार काही वेगळं करावं लागत नाही, कारण इन्सर्ट आणि नळी तीच राहते. विक्रेत्याकडे लहान मूठ लेखी मागा. मागणी नोंदली गेली नाही तर ती वर पोचतही नाही.

लहान मूठ मिळेपर्यंत एक तोड आहे. पित्ताशयाचा तळ वर ओढून धरण्यासारखं, बारीक हालचाल नसलेलं काम असेल तेव्हा अंगठा कड्यातून काढा. वरचं कडं अंगठ्याच्या बुडाच्या मांसल भागावर टेकवा आणि बाकीची बोटं मुठीभोवती गुंडाळा. दाब एका पेरावरून तळव्यावर पसरतो आणि मनगट सरळ होतं. रॅचेट (पकड अडकवून ठेवणारे दात) लागलेलं असेल तर दाबून धरायचीही गरज नसते, हत्यार फक्त दिशेला ठेवायचं. आतड्यावर मात्र रॅचेट लावू नये, ऊतक चिरडतं. म्हणून रॅचेटच्या आणि बिनरॅचेटच्या मुठी वेगळ्या रंगाच्या मागवाव्यात. ट्रेमध्ये सिस्टरला न विचारता ओळखता आल्या पाहिजेत.

नीडल होल्डरबद्दल थोडं विस्ताराने, कारण हात सर्वांत लवकर थकतो तो टाके घालताना. कड्यांच्या मुठीत सुई फिरवायची म्हणजे मनगट आणि कोपर दोन्ही फिरवावी लागतात. सरळ मूठ नळीच्याच रेषेत असते. ती पेन्सिलीसारखी बोटांत गुंडाळून फिरवता येते आणि सुईची कमान बोटांच्या फिरकीतून निघते. दंड शरीराजवळ राहतो. तिची उणीव अशी की ओढायला आधार नसतो, म्हणून ओढकामाला ती नको. सुटण्याचा खटका अंगठ्याच्या किंवा तर्जनीच्या टोकाखाली सहज आला पाहिजे. काही मुठींत तो इतका कडक असतो की खटका दाबताना टोक हलतं आणि सुई ऊतकातून निसटते. दुकानातच वीस वेळा लावून-सोडून पाहा. विसाव्या वेळेला टोक जागेवर राहतं का ते बघायचं.

जबड्यात टंगस्टन कार्बाइडच्या पट्ट्या असाव्यात. नुसत्या स्टीलवर कोरलेले खाच लवकर गुळगुळीत होतात. खाचांमधलं अंतर साधारण ०.५ मिलिमीटर असेल तर लॅपमध्ये नेहमी लागणाऱ्या २-० आणि ३-० (ही धाग्याच्या जाडीची मापं) धाग्यांच्या सुयांना ते चालतं. बारीक सुईला ०.४ घ्यावं. चाचणी अशी: २-० ची सुई टोकापासून दोन तृतीयांशावर धरा, रॅचेटचा पहिलाच दात लावा आणि सुईच्या टोकाला दुसऱ्या फोर्सेप्सने बाजूला ढकला. सुई जबड्यात फिरली तर होल्डर परत. सुई फिरणारा होल्डर सर्जनला दर टाक्याला शेवटच्या दातापर्यंत दाबायला लावतो, आणि दोन तासांच्या शस्त्रक्रियेत त्याचा हिशेब कोपराच्या बाहेरच्या हाडावर निघतो. जबडे उजेडासमोर धरूनही पाहावेत. पहिल्या दाताला फक्त टोकं टेकावीत आणि मागे किंचित उजेड दिसावा. मागचा भाग आधी टेकत असेल तर टोकाला पकडच राहत नाही.

आता देखभाल, कारण चांगला सेट सहा महिन्यांत वाईट होतो तो इथे. हत्यार कडक झालं अशी तक्रार येते तेव्हा बहुतेकदा सांध्यात वाळलेलं रक्त, क्षाराचा पापुद्रा किंवा वाकलेली सळई असते. घर्षण वाढलं की सर्जन नकळत जास्त दाबतो, आणि जास्त दाबल्याने पिन ढिली होते. मग मूठ तीन-चार मिलिमीटर दाबली तरी टोक हलत नाही. ही ढिलाई घर्षणापेक्षा वाईट, कारण आता जोर किती लावला ते बोटांना कळतच नाही.

केस संपताच हत्यार पुसून साध्या पाण्यात नव्हे, डिस्टिल्ड किंवा आरओच्या पाण्यात ठेवा. सलाइनमध्ये तर मुळीच नाही, मिठातल्या क्लोराइडने स्टीलला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. तिन्ही भाग सुटे करा. एन्झाइमचं द्रावण कोमट पाण्यात, बाटलीवरच्या प्रमाणात करा. कडकडीत पाणी वापरलं तर रक्तातलं प्रथिन शिजून घट्ट चिकटतं. नळीच्या आतून मऊ ब्रश फिरवा, मग २० मिलीच्या सिरिंजने पाणी सोडत राहा. दुसऱ्या तोंडातून स्वच्छ पाणी येईपर्यंत, म्हणजे चार-पाच सिरिंज सहज लागतात. जत, कवठेमहांकाळच्या बाजूला बोअरच्या जड पाण्यावर चालणाऱ्या ओटीत शेवटचं धुणं बोअरच्या पाण्याने झालं तर ऑटोक्लेव्हनंतर (वाफेने निर्जंतुक केल्यावर) पिनेवर पांढरा थर बसतो. तो हाताला जाणवायच्या आधी डोळ्यांना दिसतो, पण बघावं लागतं. नीट वाळवून सांध्यांना इन्स्ट्रुमेंट मिल्क (हत्यारांसाठीचं, वाफ पोचू देणारं वंगण) लावा. शिलाई मशीनचं तेल किंवा लिक्विड पॅराफिन लावू नका, तेलाच्या थराखाली वाफ पोचत नाही आणि निर्जंतुकीकरण फसतं.

ऑटोक्लेव्हमध्ये हत्यार रॅचेट लावून कधीही ठेवू नका. उष्णतेने धातू फुगतो आणि बंद सांध्याला जागा नसल्याने तिथे चीर जाते. मुठीचं प्लास्टिक १३४ अंशांना चालतं की फक्त १२१ ला, हे बिलासोबतच्या कागदात लिहून घ्या. चुकीच्या चक्रात गेलेल्या मुठीचं कडं हलकेच वाकतं, कोणाला दिसत नाही, फक्त अंगठा घासायला लागतो. ग्लुटराल्डिहाइडमध्ये (जंतुनाशक द्रावणात) बुडवून केसेस उरकायची सवय छोट्या ठिकाणी अजून आहे. वीस मिनिटांत जंतू घटतात, बीजाणू मरायला दहा तास लागतात. शिवाय त्यातून काढल्यावर नळी नीट धुतली गेली नाही तर उरलेलं द्रावण ऊतकाला त्रास देतं. हत्यारांचे दोन संच ठेवणं हाच त्यावरचा उपाय.

लॅप कात्री धारेला देऊ नये. आपल्याकडे चाकू-सुऱ्यांना उत्तम धार लावणारे हात आहेत, पण पाच मिलिमीटरच्या पात्याचा कोन चाकावर राहत नाही आणि तापल्याने पोलादाचं पाणी उतरतं. कात्रीचा इन्सर्ट बदलायचा असतो. ओल्या गॉजचा एक पदर टोकापर्यंत सपकन कापला गेला पाहिजे. टोकाशी चघळला गेला तर नवीन इन्सर्ट घ्या. बोथट कात्रीने कापणाऱ्याचा अंगठा दिवसाला कितीतरी जादा वेळा दाबतो.

मूठ कितीही चांगली असली तरी टेबल उंच असेल तर सगळं व्यर्थ. पोट गॅसने फुगल्यावर हत्याराच्या मुठी आणखी वर येतात, म्हणून उघड्या शस्त्रक्रियेला जे टेबल बरोबर वाटतं ते लॅपला उंच असतं. मुठी कोपराच्या पातळीवर किंवा किंचित खाली हव्यात, कोपर ९० ते १२० अंशांत. अभ्यासांत यासाठी टेबलाची उंची जमिनीपासून सुमारे ६४ ते ७७ सेंटिमीटर निघाली आहे. जुनी हायड्रॉलिक टेबलं इतकी खाली जात नाहीत. तासगाव, विटा, जतला स्वतःची बॅग घेऊन जाणाऱ्या सर्जनने बॅगेत मोजपट्टी ठेवावी आणि ओटीच्या चपला घालून स्वतःची कोपराची उंची एकदा भिंतीवर मोजून लक्षात ठेवावी. टेबल खाली जात नसेल तर पायाखाली रुंद फळी घ्या, एका माणसापुरतं डगमगतं स्टूल नको. कॉटरीचं (विजेने ऊतक कापायच्या-जाळायच्या यंत्राचं) पेडल त्याच फळीवर ठेवा. पेडल खाली आणि सर्जन वर असला तर एक पाय हवेत, सगळा भार दुसऱ्यावर, आणि कंबरेचा कणा तासभर तिरका.

मॉनिटरची गोष्ट पैशाविना सुटते. ट्रॉलीवर सगळ्यात वर मॉनिटर, खाली लाइट सोर्स, खाली इन्सफ्लेटर (पोटात गॅस भरणारं यंत्र) अशी मांडणी येते, म्हणून पडदा डोक्याच्या वर जातो आणि मान मागे मोडते. मॉनिटर एक कप्पा खाली आणा, लाइट सोर्स वर ठेवा. पडद्याचा मध्य नजरेच्या रेषेपासून १५ ते २० अंश खाली आणि सर्जन, पित्ताशय, पडदा एका रेषेत. भिंतीला कायमचा ठोकलेला मॉनिटर असेल तर टेबल फिरवा.

पोर्टची (हत्यार पोटात घालायच्या छिद्राची) जागा हीही मुठीचाच भाग समजावी. टाके घालायच्या दोन हत्यारांमध्ये सुमारे ६० अंशांचा कोन असला आणि हत्याराचा निम्मा भाग आत, निम्मा बाहेर राहिला तर हात नैसर्गिक राहतात. किरकोळ बांध्याच्या रुग्णात ३३० मिलिमीटरचं हत्यार बरंचसं बाहेर उरतं, मूठ वर जाते आणि खांदा उचलला जातो. अशा वेळी टेबल आणखी खाली करायचं, खांदा वर नाही. कॉटरीची तार मुठीवरून सरळ खाली लोंबली तर तिचं वजन सतत मनगटावर येतं. सिस्टरने तार ड्रेपला (रुग्णावरच्या निर्जंतुक कापडाला) क्लिपने अडकवून थोडी सैल ठेवावी. कॅमेरा धरणाऱ्या असिस्टंटचा हात तर हलतच नाही. त्याचं कोपर शरीराला टेकेल अशी जागा त्याला द्यावी, नाहीतर अर्ध्या तासाने चित्र थरथरतं.

दर २० ते ४० मिनिटांनी दीड मिनिट हत्यारं सोडून मान, खांदे, मनगटं फिरवणं शस्त्रक्रियेची एकूण वेळ वाढवत नाही असं दिसलं आहे. घड्याळ सिस्टरने सांभाळावं. सर्जनला स्वतःला ते आठवत नाही.

खरेदीच्या अटी. मूठ, नळी, इन्सर्ट सुटे विकत मिळतात का आणि वर्षभराने त्याच मापाचे मिळतील का, हे आधी विचारा. एका शिक्क्याचा इन्सर्ट दुसऱ्या शिक्क्याच्या मुठीत बसला तरी सळईची लांबी किंचित वेगळी असते, आणि जबडे एक तर पूर्ण मिटत नाहीत नाहीतर पूर्ण उघडत नाहीत. मेडिकल डिव्हाइसेस रूल्स, २०१७ प्रमाणे लायसन्स नंबर आणि लॉट नंबर डब्यावर असतो. तो बिलावर उतरवून घ्या. नळीचं इन्सुलेशन दर आठवड्याला भिंगाखाली, विशेषतः टोकाजवळ आणि नॉबपाशी बघा. केसाएवढ्या चिरेतूनही करंट आतड्याला भाजतो. आयात केलेल्या सेटची मूठ अधिक मऊ चालते हे खरं, पण ती कित्येक पट महाग आहे आणि तिलाही वरची देखभाल चुकत नाही. छोट्या रुग्णालयाने तो पैसा सरळ मुठीचा चांगला नीडल होल्डर आणि खाली जाणारं टेबल यांत घालावा.

दिवसाला तीन केसेसची लिस्ट धरली तर मागणी अशी लिहा: रॅचेटच्या मुठी चार, बिनरॅचेटच्या चार, त्यातल्या दोन-दोन लहान मापाच्या. मेरिलँड इन्सर्ट दोन, अट्रॉमॅटिक (ऊतकाला इजा न करणारे) ग्रास्पर चार, कात्रीचे इन्सर्ट तीन, नळ्या आठ, सरळ मुठीचे नीडल होल्डर दोन. आणि ऑर्डरच्या कागदावर सर्जनचा ग्लोव्हचा नंबर.